मित्राबरोबर मेक्सिको: तिकीट काढायच्या आधीपासून कानकूनहून परत निघेपर्यंत

"आम्ही दोघं मेक्सिकोला चाललोय, कानकूनची रिटर्न तिकिटं काढलीयेत, आता पुढे काय करू?" असा मेसेज मला गेल्या वर्षभरात इतक्यांदा आलाय की शेवटी एकदाच बसून लिहून काढतोय. तिकीट हे चौथं काम होतं आणि तुम्ही ते पहिलं केलंत, गोची तिथेच झाली. कानकून एका टोकाला, मेक्सिको सिटी तिथून रस्त्याने सोळाशे किलोमीटर, म्हणजे आता तुम्ही एकतर तेवढं उलटं फिरणार नाहीतर आणखी एक विमान विकत घेणार. आणि व्हिसाचं काय हे विचारलं की समोरून "तो लागतो का?"

तर खाली आहे तो क्रम आहे. मध्येच उडी मारू नका, विशेषतः पहिल्या चार पायऱ्यांत.

## १. आधी दोन्ही पासपोर्ट टेबलावर ठेवा

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो. सूट आहे ती अमेरिका, कॅनडा, युके, जपान किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) चालू व्हिसा असेल तर, किंवा यातल्या एखाद्या देशाचं पर्मनंट रेसिडेन्स असेल तर. इथे "चालू" या शब्दावर दोन मिनिटं थांबा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. मेक्सिकोत उतरायच्या दिवशी तो व्हिसा जिवंत पाहिजे. तिकीट काढताना होता, पुढच्या महिन्यात संपला, हे चालत नाही.

माझा मित्र न्यू जर्सीला असतो. एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर. त्याची समजूत अशी की अमेरिकेत राहतोय म्हणजे मेक्सिको आपलंच अंगण. पासपोर्ट उघडून बघितला तर व्हिसाचा स्टॅम्प आठ महिन्यांपूर्वी संपलेला. त्याच्याकडे आय-७९७ चं अप्रूव्हल (अमेरिकन इमिग्रेशनचं मंजुरीपत्र) होतं, नोकरी कायदेशीर, सगळं बरोबर, पण तो कागद म्हणजे व्हिसा नाही. मेक्सिकोसाठी स्टॅम्प लागतो किंवा ग्रीन कार्ड. मग त्याने तिथल्या मेक्सिकन कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट शोधली, ती मिळायला पाच आठवडे गेले, आणि नशीब की आम्ही तोवर एकही तिकीट काढलेलं नव्हतं. असा स्टॅम्प संपलेला असेल तर मेक्सिकोहून अमेरिकेत परत कसं शिरायचं हा वेगळा प्रश्न आहे, तो कंपनीच्या इमिग्रेशनवाल्या वकिलाला निघायच्या आधीच विचारा, कानकूनच्या बीचवरून नाही.

सूट लागू होत नसेल तर मेक्सिकोचा व्हिसा काढा. एम्बसी दिल्लीत आहे. अपॉइंटमेंट घ्यावी लागते, स्वतः जावं लागतं, फोटो आणि बोटांचे ठसे होतात, बँक स्टेटमेंट आणि नोकरीचे कागद बघतात. दोघं एकत्र जात असलात तरी दोन अर्ज वेगळे, मित्राच्या खात्यात कितीही पैसे असले तरी तुमच्या अर्जाला त्याचा उपयोग शून्य.

सावधान: विमान कुठे थांबतं तेही आत्ताच बघा. अमेरिकेतल्या एअरपोर्टवर दोन तासांसाठी विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमधल्या ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे आहेत. आणि जाताना जिथे थांबलात तिथेच येताना थांबाल असं नाही, मेक्सिको सिटी इतकी उंचावर आहे की तिथून भरलेलं मोठं विमान लांब पल्ल्याला एका दमात उडवणं कठीण जातं, म्हणून काही फ्लाइट परतीला मध्ये आणखी एक थांबा घेतात. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही मार्ग वेगवेगळे तपासा.

तपासा: दोघांचे पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू आहेत का, आणि कोऱ्या पानांची सोय आहे का.

## २. दोघांनी एक संध्याकाळ बसून बोला

ही पायरी सगळे वगळतात, "अरे आपण काय नवीन आहोत का एकमेकांना" म्हणून. पंधरा वर्षांची दोस्ती असली तरी चोवीस तास सलग अठरा दिवस एकत्र राहिलेले नसता तुम्ही. आमचं पहिलं भांडण झालं ते एसीवरून झालं, त्याला सोळा डिग्री लागतं आणि मला खोकला होतो.

या गोष्टी ठरवा, शक्यतो लिहून:

दिवसाला माणशी किती खर्च. आकडा बोला, "बघू रे, जास्त नाही" याला अर्थ नसतो. एकाच्या डोक्यात हॉस्टेलचा बंक असतो, दुसऱ्याच्या डोक्यात बाल्कनीवाली रूम.

पैशाचा हिशोब कसा. आम्ही स्प्लिटवाइजवर मोठे खर्च टाकायचो (हॉटेल, बस) आणि चिल्लर खर्चासाठी एक पाऊच ठेवला होता, रोज सकाळी दोघांनी त्यात सारखे पेसो टाकायचे आणि पाणी, टॅको, टॉयलेट, टिप सगळं त्यातून. "तू काल कॉफीचे दिले होतेस ना" हा विषयच संपतो. पाऊच कोणाकडे हे एक दिवसाआड बदला.

एकटं फिरायचा दिवस. चार दिवसांतून एकदा अर्धा दिवस वेगळं फिरायचं, त्यात रुसवा नाही. त्याला लुचा लिब्रे म्हणजे ती मास्कवाली कुस्ती बघायची होती, मला मार्केट. दोघंही खूश.

एक आजारी पडला तर? पोट बिघडणं जवळजवळ धरूनच चाला. दुसरा थांबेल की पुढे जाईल, किती दिवस थांबेल, हे शुद्धीत असताना ठरवा.

चुकामूक झाली तर? फोन बंद, बॅटरी गेली, तर ज्या जागी शेवटचं एकत्र होतो तिथे परत यायचं, तासभर थांबायचं, नाहीतर हॉटेल. इतकं साधं पुरतं.

तपासा: दोघांच्या फोनमध्ये एकमेकांच्या पासपोर्टचा, व्हिसाचा, इन्शुरन्सचा फोटो आणि एकमेकांच्या घरचा एक नंबर आहे ना. हे फोटो ईमेलवर पण टाका, फोनच गेला तर.

## ३. रूट कागदावर काढा, एकाच दिशेने

मेक्सिको महाराष्ट्राच्या सहापट मोठा आहे. हे नकाशात बघताना लक्षात येत नाही, आणि लोक दोन आठवड्यांत ग्वादलाहारा, वाहाका, कानकून आणि वर बाहा कॅलिफोर्निया पण कोंबतात. नका करू. मेक्सिको सिटीत शिरा, पूर्व-दक्षिणेला सरकत जा, कानकूनहून बाहेर पडा. उलटं केलंत तरी हरकत नाही पण मी हेच सुचवेन, कारण शेवटी दमलेले असताना समुद्र बरा पडतो.

माझा आवडता हिशोब असा: मेक्सिको सिटी ४ रात्री, पुएब्ला १, वाहाका ४, एक रात्र बसमध्ये, सान क्रिस्तोबाल ३, मेरिदा २, वायादोलिद २. झाल्या १७, त्यात कानकूनची शेवटची रात्र धरलेली नाही. सान क्रिस्तोबाल ते मेरिदा हा लांबचा पल्ला आहे, बसने बारा तासांच्या वरच जातो, तो कुठे तोडायचा हे ठरवा. दोनच आठवडे असतील तर चियापास (सान क्रिस्तोबाल ज्यात आहे ते राज्य) सरळ गाळा आणि वाहाकाहून विमानाने युकातानला, म्हणजे मेरिदाला जा, बहुतेक मेक्सिको सिटीत बदलून जावं लागेल.

सान क्रिस्तोबाल ते पालेंके डोंगरातून ओकोसिंगोमार्गे जाणारा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण तिथे नाकाबंदी आणि लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत, म्हणून मोठ्या बसेस विया-एर्मोसाकडून वळसा घालून जातात. गूगल मॅप पाच तास दाखवतो आणि बस नऊ तास घेते ते यामुळे. बसवाल्याचं ऐका, मॅपचं नको. चियापासला जायच्या आठवड्यात ताज्या बातम्या पण बघून घ्या.

तारखांचं गणित:

सोमवारी बरीच म्युझियम बंद. मेक्सिको सिटीतलं मानववंशशास्त्राचं मोठं म्युझियम आणि चित्रकार फ्रिदा कालोचं निळं घर, दोन्ही सोमवारी बंद असतात. निळ्या घराची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, दारात जाऊन उभं राहिलात तर रांग बघून परत याल. रविवारी स्थानिकांना पुरातत्त्व स्थळं फुकट असतात म्हणून तेओतिवाकानला (मेक्सिको सिटीजवळचे जुने पिरॅमिड) जत्रा असते, मधल्या वारी जा.

१ आणि २ नोव्हेंबर, म्हणजे मृतांचा दिवस, आणि जुलैतला गेलागेत्सा महोत्सव: वाहाकात रूम मिळत नाही, मिळाली तर भाव दुप्पट-तिप्पट. बघण्यासारखं आहेच, पण मग चार-पाच महिने आधी बुकिंग. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता, अख्खा देश सुट्टीवर निघतो, बसची तिकिटं पण संपतात.

पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, बहुतेक दुपारनंतर. कॅरिबियन किनाऱ्यावर वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. आणि उन्हाळ्यात त्या फोटोतल्या पांढऱ्या वाळूवर सारगासो नावाचं तपकिरी समुद्री गवत येऊन पडतं, वास पण येतो. मे-जूनमध्ये फक्त बीचसाठी चालला असाल तर पुन्हा विचार करा.

## ४. आता तिकीट काढा

मेक्सिको सिटीला जायचं आणि कानकूनहून परतीचं, असं मल्टी-सिटी शोधा. दोन वेगळी वन-वे काढण्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं.

मेक्सिको सिटीला एअरपोर्ट दोन आहेत. जुना बेनितो हुआरेस, कोड एमईएक्स, शहरातच. दुसरा फेलिपे आंखेलेस, कोड एनएलयू, २०२२ साली सुरू झाला आणि शहराच्या बराच बाहेर उत्तरेला आहे. देशांतर्गत स्वस्त तिकीट दिसलं की आधी कोड बघा. एका ठिकाणी उतरून तीन तासांनी दुसरीकडून उडायचं असं कनेक्शन स्वतःच्या हाताने बनवणारी माणसं मी पाहिलीयेत.

देशांतर्गत लो-कॉस्टमध्ये दाखवलेल्या भाड्यात बऱ्याचदा सीटखाली मावेल एवढीच बॅग असते. वरच्या रॅकची बॅग पण वेगळी घ्यावी लागते, आणि ती काउंटरवर घेतली तर तिकिटाएवढे पैसे जातात.

सावधान: दोघं वेगवेगळ्या देशांतून येणार असाल तर एकाच दिवशी पोचायचा अट्टहास ठेवा पण एकाच तासाला नको. आधी पोचेल त्याने एअरपोर्टवर ताटकळत न बसता हॉटेलवर जायचं, पत्ता दोघांकडे. आम्ही "गेटपाशी भेटू" म्हणालो आणि तो टर्मिनल १ ला उतरला, मी टर्मिनल २ ला.

## ५. पैसे, कार्ड आणि तो ओटीपी

रुपये मेक्सिकोत कोणी बदलून देत नाही. थोडे डॉलर ठेवा, बाकी कार्ड.

पहिलं काम, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर चालू करा, तो आपल्या कार्डांवर बंदच येतो. एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन, या तिन्हीची बटणं वेगळी असतात. दुसरं, दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं असू द्या आणि एकेक कार्ड बॅगेत दुसरीकडे ठेवा, सगळी एका पाकिटात नको.

तिसरं म्हणजे भारतातलं सिम सोबत न्या आणि त्यावर रोमिंगमध्ये एसएमएस येतोय याची खात्री करून घ्या. मी माझं सिम "कशाला उगाच" म्हणून घरी ठेवून गेलो होतो. वाहाकात दुपारी अडीचला बसचं तिकीट काढायला गेलो, ओटीपी गेला पुण्याला, तिथे रात्रीचे दोन वाजलेले, आईला उठवून "आई तो सहा आकडी नंबर वाच" केलं, तिने चष्मा शोधेपर्यंत वेळ संपली. तीनदा झालं हे. चौथ्यांदा मित्राने स्वतःच्या कार्डावर काढलं आणि आईने आजही मला त्याबद्दल माफ केलेलं नाही.

एटीएम बँकेच्या आतलं वापरा, दिवसा. मशीन आधी स्वतःची फी सांगतं, ती मान्य करावीच लागते. नंतर एक स्क्रीन येतो की आम्ही तुमच्या चलनात कन्व्हर्ट करून देऊ का, तिथे नाही म्हणा. नाही दाबलं तरी पैसे येतात, आणि रेट तुमच्या बँकेचा लागतो जो जवळजवळ नेहमीच बरा असतो. हॉटेलात कार्ड मशीनवर डॉलर की पेसो विचारलं तर पेसो.

पेसोची खूण पण डॉलरसारखीच आहे, मेनूवर ते चिन्ह आणि पुढे १८० बघून घाबरू नका. नोटांचा एक घोळ मात्र लक्षात ठेवा: ५०० ची नोट निळी, त्यावर बेनितो हुआरेस, आणि २० ची जुनी नोट पण निळी, तिच्यावर पण हुआरेसच. टॅक्सीत अंधारात देताना शून्यं मोजा.

सुटे जपा. ५०० च्या नोटेला टॅकोवाला हात जोडतो. मोठी नोट ओक्सोमध्ये (हे किराणा-कम-सगळं दुकान दर कोपऱ्यावर आहे) मोडून घ्या आणि दहा-पाचची नाणी राखून ठेवा, बस टर्मिनलच्या टॉयलेटला नाणी लागतात आणि तिथे गरज कोणासाठी थांबत नाही.

## ६. बॅग

मेक्सिको म्हणजे गरम, असं समजून लोक चार शॉर्ट्स घेऊन जातात. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही उतरताच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सहाशे मीटर वर आहात, हिवाळ्यात रात्री चांगली थंडी वाजते. सान क्रिस्तोबाल पण तसंच. एक बरं जॅकेट हवंच, आणि ते बसमध्ये सोबत, डिकीत नाही, कारण तिथल्या बसचा एसी थेट फ्रीझर आहे.

प्लग अमेरिकेसारखा, दोन चपट्या पिनांचा, वीज १२७ व्होल्ट. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त ॲडाप्टर लागतो. आपल्याकडची इलेक्ट्रिक केटल किंवा हेअर स्ट्रेटनर तिथे नीट तापत नाही, राहू द्या घरी.

नेऊ नका: व्हेप किंवा ई-सिगारेट, आयातीवर बंदी आहे. सुडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं, ती पण तिथे चालत नाहीत, गोळीच्या पाकिटावर वाचा. लॅपटॉप माणशी एकच. फळं, बिया, घरचं सुटं सामान कस्टमच्या कुत्र्यांना सापडतं. चटणी न्यायचीच असेल तर पॅकबंद न्या आणि फॉर्मवर खरं लिहा.

न्या: ओआरएसची पाकिटं, पोटाच्या गोळ्या, बस लागणाऱ्यासाठी उलटीची गोळी (वाहाकाच्या घाटाला वरंधा घाटाची सवय पण पुरत नाही), नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसह.

## ७. उतरल्यावरचे पहिले चोवीस तास

इमिग्रेशनला प्रिंटआउट हातात ठेवा: परतीचं तिकीट, पहिल्या हॉटेलचा पत्ता, रूट. फोनमध्ये आहे म्हणू नका, तिथलं वायफाय कधी रुसेल सांगता येत नाही. दोघांचं उत्तर एकच हवं. एक म्हणाला दहा दिवस आणि दुसरा म्हणाला तीन आठवडे, की प्रश्न वाढले.

तपासा, काउंटर सोडायच्या आधी: किती दिवस दिलेत. कमाल १८० मिळू शकतात, पण ऑफिसर कमीही लिहितो. शिक्क्यावर किंवा कागदावर लिहिलेला आकडा तुमच्या परतीच्या तारखेला पुरतोय ना हे तिथेच वाचा. कागद मिळाला असेल तर तो जपा, परत जाताना मागतात.

तिथून ॲपवरची कॅब, नाहीतर एअरपोर्टच्या आतल्या अधिकृत काउंटरवरून प्रीपेड टॅक्सी. बाहेर "टॅक्सी, अमिगो" म्हणत अंगाशी येणाऱ्याकडे बघू पण नका. मेट्रो पाच पेसोत कुठेही नेते आणि मला जाम आवडते, पण पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा घेऊन नको, गर्दीच्या वेळी आपली विरार लोकल आठवते. पुढचे डबे बायकांसाठी राखीव असतात, पुरुषांनी चुकून चढू नका.

पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. उंची आणि झोप दोन्ही अंगावर येतात, भारताचं घड्याळ साडेअकरा तास पुढे असतं. जिना चढताना धाप लागली तर ती उंचीची, घाबरू नका, पाणी प्या, मेस्काल (तिथली दारू) दुसऱ्या दिवसावर ढकला.

हॉटेलात शिरल्यावर जिना कुठे आहे आणि बाहेर मोकळी जागा कुठे आहे ते बघून ठेवा. भूकंपाचा भोंगा रस्त्यावरच्या खांबांवरून वाजतो, आवाज एकदा यूट्यूबवर ऐकून जा. वाजला की हलायला लागायच्या आधी थोडे सेकंद मिळतात, सामान सोडायचं आणि आजूबाजूचे जातायत तिकडे जायचं. १९ सप्टेंबरला तिथे असाल तर देशभर सराव असतो. १९८५, २०१७ आणि २०२२, तिन्ही मोठे भूकंप त्याच तारखेला झाले, त्यातला २०२२ चा तर सराव संपल्यावर तासाभरातच. इमर्जन्सी नंबर ९११.

## ८. बस: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

मेक्सिकोतल्या फर्स्ट क्लास बसेस उत्तम आहेत, आपल्या शिवनेरीपेक्षा काकणभर सरसच म्हणेन. गडबड होते ती टर्मिनलची.

मेक्सिको सिटीत चार मोठी टर्मिनल आहेत. पूर्वेचं तापो: पुएब्ला, वाहाका, चियापास, युकातान. नोर्ते म्हणजे उत्तरेचं: तेओतिवाकान, केरेतारो, ग्वानाहुआतो. तास्केन्या दक्षिणेला: कुएर्नावाका, तास्को, अकापुल्को. पश्चिमेचं ऑब्सेर्वातोरियो: तोलुका, मोरेलिया. पण एकाच गावाची बस दोन टर्मिनलवरून पण सुटते, म्हणून नुसतं गाव बघून जाऊ नका, तिकिटावर टर्मिनलचं नाव शोधा. वाहाकात पण तेच, फर्स्ट क्लासचं टर्मिनल वेगळं, सेकंड क्लासचं वेगळं.

क्रम असा:

१) एडीओ या बस कंपनीचं ॲप किंवा साइट बघा, दक्षिण-पूर्वेला बहुतेक तेच. आधी काढलं तर भाडं बरंच कमी. परदेशी कार्ड कधीकधी घेत नाही, मग टर्मिनलच्या खिडकीवर जा.

२) नाव पासपोर्टवर आहे तसं.

३) अर्धा-पाऊण तास आधी पोचा. बॅग डिकीत देताना चिठ्ठी मिळते, ती उतरताना दाखवल्याशिवाय बॅग देत नाहीत. दोन बॅगा एकाच्या नावावर देऊ नका.

४) पासपोर्ट, पैसे, फोन, जॅकेट, औषध: मांडीवरच्या छोट्या बॅगेत. वरच्या रॅकवर नाही.

५) मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स नाही. दक्षिणेकडे, विशेषतः चियापासमध्ये, रात्री दोनला बस थांबवून इमिग्रेशनवाले आत चढतात आणि पासपोर्ट व एंट्रीचा शिक्का बघतात. अर्धवट झोपेत डिकीतली बॅग उघडायला लागू नये.

बसच्या पाटीवर "मेक्सिको" लिहिलेलं असतं (ते "मेहिको" म्हणतात), त्याचा अर्थ मेक्सिको सिटी. आम्ही पुएब्लात "अरे आपण मेक्सिकोतच आहोत" म्हणून पाच मिनिटं हसत होतो.

सावधान: वाहाका आणि चियापासमध्ये आंदोलनामुळे रस्ते अडवले जातात, त्याला ब्लोकेओ म्हणतात, तीन तास पण जातात आणि दिवस पण. ज्या दिवशी विमान आहे त्याच दिवशी लांबची बस पकडून पोचायचा प्लॅन करू नका, मध्ये एक रात्र मोकळी सोडा. आणि "अओरिता" म्हणजे शब्दशः आत्ता, पण बस अओरिता येतेय म्हणाले तर ते आपलं "हा काय, निघालोच" असतं.

गाडी भाड्याने घेणारच असाल तर ऑनलाइन दिसणारा आकडा विसरा, तिथला थर्ड-पार्टी इन्शुरन्स काउंटरवर चढतो. रस्ता "क्वोता" म्हणजे टोलचा घ्या, "लिब्रे" टाळा, अंधार पडायच्या आत मुक्कामी.

## ९. खाणं, खास करून एक जण व्हेज असेल तर

"सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, असं शिकून जाऊ नका. तिथे कार्ने म्हणजे डोक्यात बीफ किंवा पोर्क येतं, चिकन आणि हॅम त्यात धरत नाहीत, तुमच्या प्लेटमध्ये हॅम घातलेलं ऑम्लेट येतं आणि त्यांना प्रामाणिकपणे कळत नाही की चूक काय. पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन." मांस, चिकन, मासे, हॅम, काहीच खात नाही.

लपलेल्या गोष्टी: राजमा-घेवड्याची ती पेस्ट बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, शब्द "मान्तेका". तामालमध्ये (मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं) पण मान्तेका. लाल भातात चिकनचं पाणी, "काल्दो दे पोयो". मोले नावाच्या घट्ट मसालेदार रश्शातही तेच. वाहाकातल्या त्लायुदावर (मक्याची मोठी कडक पोळी) खाली चरबीचा थर असतो, "सिन आसिएन्तो" म्हणा. कडक व्हेज असाल तर हे सगळं विचारायला लागेल, अंडं-चीज चालत असेल तर सोपं आहे.

बिनधास्त मागवा: भोपळ्याच्या फुलांची केसादिया (पोळी दुमडून आत सारण), मशरूमची, हुइत्लाकोचेची (मक्यावरची काळी बुरशी, नाव ऐकून तोंड वाकडं करू नका). मेक्सिको सिटीत केसादिया म्हणजे चीज असेलच असं नाही, "कोन केसो" म्हणावं लागतं, हा त्यांच्यातला पण जुना वाद आहे. नोपाल म्हणजे आपला फड्या निवडुंग, भाजून छान लागतो. भाजलेलं कणीस, हिकामा नावाचा पांढरा कंद लिंबू-तिखट लावून. हामाइकाचं सरबत म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं, हामोनशी त्याचा संबंध नाही, मित्राने दोन दिवस उगाच नाकारलं.

दुपारी एक ते चारमध्ये "कोमिदा कोरिदा" शोधा, आपल्या थाळीसारखं, सूप ते सरबत एका दरात. युकातानमध्ये हाबानेरोची चटणी चिमूटभर घ्या आधी. ठेचा खाणाऱ्यांचा माज मी तिथे उतरताना पाहिलाय, माझाच.

नळाचं पाणी नाही, दात घासायला पण पहिले काही दिवस बाटलीचं. हॉटेलात वीस लिटरचा जार असतो, बाटल्या त्यातून भरा. पोट बिघडलंच तर ओआरएस किंवा दुकानातलं इलेक्त्रोलीत, आणि सिमिलारेस नावाच्या मेडिकलच्या दुकानांशेजारी डॉक्टर बसतो, अगदी कमी पैशांत बघतो. ताप आला किंवा रक्त दिसलं तर इन्शुरन्सवाल्यांना फोन करून हॉस्पिटल, अंगावर काढू नका.

## १०. युकातान आणि बाहेर पडणं

चिचेन इत्साला (माया लोकांचं जुनं नगर) वायादोलिदहून सकाळी उघडतानाच पोचा, कानकूनच्या टूर बसेस साडेदहानंतर येतात. पिरॅमिडवर चढता येत नाही, चढायच्या आशेने बूट नेऊ नका. सेनोतेत म्हणजे त्या नैसर्गिक विहिरींत उतरायच्या आधी सनस्क्रीन धुवायला लावतात, म्हणून सकाळी थापूच नका, फुल बाह्यांचा टी-शर्ट घाला.

माया ट्रेन (युकातानभर फिरणारी नवी रेल्वे) घ्यायची असेल तर स्टेशन गावापासून किती लांब आहे ते आधी बघा, काही स्टेशनं गावाबाहेर आहेत आणि तिथपर्यंतची टॅक्सीच महाग पडते.

आणि घड्याळ! मेरिदा, वायादोलिद, चिचेन इत्सा हे युकातान राज्यात, कानकून आणि तुलुम हे किंताना रो राज्यात, आणि किंताना रोचं घड्याळ एक तास पुढे आहे. वायादोलिदहून सकाळी आठला निघालात, दोन-अडीच तासांचा रस्ता, तर कानकूनमध्ये साडेअकरा वाजलेले असतात. फोन आपोआप बदलतो पण हातातलं घड्याळ आणि डोक्यातला हिशोब बदलत नाही. विमानाच्या दिवशी वायादोलिदहून निघू नका, आदल्या रात्री कानकूनच्या डाउनटाउनला झोपा, बीचवरच्या हॉटेलांपेक्षा स्वस्त आहे आणि बस टर्मिनलवरून एअरपोर्टची एडीओ बस थेट सुटते.

तपासा, आदल्या रात्री: कानकून एअरपोर्टला चार टर्मिनल आहेत, तुमचं कुठलं. दोघांची फ्लाइट वेगळी असेल तर दोघांचं वेगळं बघा. एंट्रीचा कागद मिळाला होता तो पासपोर्टमध्येच आहे ना. पाऊचमधले उरलेले पेसो मोजून दोन भाग करा किंवा सरळ टर्मिनलवरच्या ओक्सोत जाऊन संपवा, नाणी इकडे कोणी घेत नाही. आमचे ४७ उरले होते, त्यात एक कॉफी बसली, दोन कप मागितले.